परमिट संपायच्या आत अर्ज गेला का?

कॅनडाच्या वर्क परमिटवर एक तारीख छापलेली असते. घरातले सगळे ती पाठ करून बसतात आणि त्या दिवशी नोकरी संपली असंच धरून चालतात. तसं नसतं. त्या तारखेच्या आत पुढच्या वर्क परमिटचा अर्ज सरकारकडे पोचला असेल, तर उत्तर यायला चार महिने लागोत की आठ, तोपर्यंत माणूस कायद्याने काम करत राहू शकतो. अर्ज एक दिवस उशिरा गेला, तर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाणंच बेकायदा ठरतं. उत्तर कधी येतं हे आपल्या हातात नाही. अर्ज कधी जातो हे पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि सगळं त्याच्यावर अडलेलं असतं.

मी नागपुरात एका बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसते. धरमपेठ, मनीषनगर, हुडकेश्वर, अगदी काटोल-उमरेडहून आईवडील येतात. कर्ज घेताना सगळं बोलणं फीचं आणि राहण्याच्या खर्चाचं असतं. तीनचार वर्षांनी तेच लोक परत येतात आणि म्हणतात, "मॅडम, पोराचं परमिट संपून राहिलं. आता हप्त्याचं कसं?" त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला ओळखीची आहे, कारण माझा धाकटा भाऊ ओंटारियोत किचनरला नोकरी करतो आणि त्याचंही परमिट फेब्रुवारीत संपत होतं. त्या हिवाळ्यात मी एकेक नियम बसून वाचला. बहुतेक प्रश्न कॅनडाचेच येतात, म्हणून जास्त लिहिते आहे ते कॅनडाबद्दल.

आधी कागदांचा गोंधळ मिटवू. पासपोर्टमध्ये चिकटवलेला व्हिसा हा फक्त देशात शिरण्यासाठी असतो. मुलगा कॅनडात असताना तो व्हिसा संपला तरी राहण्याला किंवा कामाला बाधा येत नाही. वर्क परमिट हा वेगळा कागद, आणि राहण्याचा नि काम करण्याचा हक्क त्यातून येतो. तिसरा पासपोर्ट. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, त्यामुळे तीन वर्षांचं परमिट मिळायला हवं होतं त्याला पासपोर्ट लवकर संपतो म्हणून दोनच वर्षांचं मिळालं, असं होतं. अशा वेळी पासपोर्ट नवा करून उरलेली मुदत मागता येते. हे कित्येकांना माहीत नसतं. ते बिचारे दोन वर्षांनंतर सगळं संपलं असं मानून बसतात. घरी आज एवढं तरी विचारा: परमिटवरची तारीख आणि पासपोर्टची तारीख एकच तर नाही ना? एकच असेल, तर पासपोर्टमुळे परमिट तोकडं झालं असण्याची शक्यता मोठी.

परमिट दोन तऱ्हेचं असतं. ओपन परमिटवर जवळपास कुठल्याही मालकाकडे काम करता येतं. क्लोज्ड परमिटवर मालकाचं नाव असतं, काम तिथेच करायचं. शिकून झाल्यावर मिळतं ते पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, ओपन असतं. ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं आणि आयुष्यात एकदाच मिळतं. पुन्हा दुसरा कोर्स केला म्हणून दुसरं मिळत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण "अजून एक वर्षाचा डिप्लोमा करून टाक, परत परमिट भेटते" असं सांगून पुन्हा कर्ज काढायला लावणारे लोक आपल्याच शहरात आहेत, आणि तो कर्जाचा अर्ज माझ्याच टेबलावर येतो.

आता मुख्य गोष्ट. मुदतीच्या आत अर्ज केल्यावर जी अवस्था लागू होते तिला कॅनडात मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. पूर्वी इम्प्लाइड स्टेटस म्हणायचे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तोच शब्द असतो. याचा अर्थ, जुन्या परमिटच्या अटी जशाच्या तशा पुढे चालू राहतात, फक्त तारीख गळून पडते. जुनं परमिट ओपन असेल तर मधल्या काळात नोकरी बदलली तरी चालते. जुनं क्लोज्ड असेल तर त्याच मालकाकडे, त्याच कामावर राहायचं. नवा अर्ज कुठल्या मालकासाठी केला आहे याने मधल्या काळातल्या अटी आपोआप बदलत नाहीत. इथे भलेभले चुकतात. नव्या कंपनीने कागद केले, अर्ज गेला, मग सोमवारपासून तिकडे जायला काय हरकत आहे? क्लोज्ड परमिटवाल्याला आहे. तशी वेगळी लेखी परवानगी मिळाल्याशिवाय त्याने जाऊ नये.

अर्ज कशाचा केला, हेही तेवढंच महत्त्वाचं. कामाचा हक्क चालू राहायचा तर अर्ज वर्क परमिटचाच हवा. परमिट संपताना कुणी व्हिजिटर म्हणून मुदतवाढ मागितली किंवा स्टडी परमिटचा अर्ज केला, तर त्याला देशात राहता येतं पण काम थांबवावं लागतं. फोनवर मुलगा एवढंच सांगतो, "आई, अर्ज टाकला आहे, टेन्शन नको." आईने पुढचा प्रश्न विचारायला हवा: कशाचा टाकला?

आणि अर्ज टाकायला काही आधार लागतो. नुसता फॉर्म भरला आणि फी भरली म्हणजे झालं, असं नव्हे. परमिट कुठल्या कारणाने मागतो आहे, हे त्यात दाखवावं लागतं. आधार नसलेला अर्ज नाकारला जातो, आणि नकार आला की मेंटेन्ड स्टेटस संपतं. काम लगेच थांबवावं लागतं, महिनाअखेरपर्यंतची सवलत मिळत नाही. पूर्वी काही एजंट युक्ती करायचे. पहिल्या अर्जाचा निकाल यायच्या आत दुसरा अर्ज टाकायचा, म्हणजे पहिला नाकारला गेला तरी दुसऱ्याच्या जोरावर माणूस कामावर राहील. २८ मे २०२५ पासून कॅनडा सरकारने ही वाट बंद केली. मेंटेन्ड स्टेटसवर असताना टाकलेला दुसरा अर्ज, पहिला नाकारला गेला तर परत पाठवला जातो. तरीही "फाईल टाकून ठेवू, वेळ काढू" हा सल्ला आजही दिला जातो. कुणी तुम्हाला तो दिला तर त्याला ही तारीख सांगा आणि त्याच्या ऑफिसातून उठा.

मग खरे आधार कोणते? सगळ्यात भक्कम म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, पीआरचा, चालू अर्ज. पीआरचा अर्ज पोचला, कागद पूर्ण आहेत हे तपासून झालं, की त्याच्या जोरावर ब्रिजिंग ओपन वर्क परमिट मागता येतं. नावातच आहे तसं, जुनं परमिट आणि पीआर यांच्यामधला हा पूल. पण त्यासाठी पीआरचा अर्ज प्रत्यक्ष गेलेला असावा लागतो. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून पीआरसाठी माणसं निवडतात त्या पद्धतीत, नुसती प्रोफाइल टाकली म्हणजे अर्ज झाला नाही. तिकडून निमंत्रण आलं, तरी तोही अर्ज नव्हे. निमंत्रणानंतर ६० दिवसांत सगळे कागद लावून अर्ज भरायचा, त्याची पोच घ्यायची, आणि मग पुलाचा अर्ज, तोही जुनं परमिट संपायच्या आत.

म्हणून हिशेब उलटा मांडावा लागतो, शेवटच्या तारखेपासून मागे. कॅनडात काम केलेल्यांसाठीचा एक्स्प्रेस एंट्रीचा जो मार्ग आहे, कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास, त्याला अर्जाआधीच्या तीन वर्षांतला किमान एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो. तास मोजले तर १,५६०, आणि आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणजे दोन शिफ्ट मारून सहा महिन्यांत वर्ष भरत नाही. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम यात धरत नाहीत. स्वतःच्या हिमतीवर केलेलं, म्हणजे गाडी चालवून डिलिव्हरी करण्यासारखं कामही नाही. शिवाय काम कुशल गटातलं हवं. कॅनडात कामांची टीअर नावाची उतरंड आहे, ० ते ५. त्यातले ०, १, २ आणि ३ एवढेच चालतात. गोदामात माल चढवणं-उतरवणं पाचव्या पायरीवर येतं, सिक्युरिटी गार्ड चौथ्या. कॉफीच्या काउंटरवर उभं राहणंही खालच्याच पायरीवर.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण जास्तीत जास्त मुलं इथेच अडकतात. मुलगा तीन वर्षांचं परमिट घेऊन कामाला लागतो. पगार येतो, हप्ता जातो, घरी सगळे निर्धास्त. "आमचा कामावर आहे" एवढं ऐकून आपण समाधानी. दोन वर्षं गोदामात कष्ट करून झाल्यावर कळतं की यातला एक तासही पीआरसाठी धरला जाणार नाही. ती मेहनत खोटी नव्हती, त्या पैशावरच घर चाललं. पण परमिटचं घड्याळ तेव्हाही चालूच होतं. हे कुणीतरी त्याला पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं. मी आता कर्ज मंजूर करतानाच सांगते. काही जणांना ते आगाऊपणाचं वाटतं, तरी सांगते.

भाषेची परीक्षा हा दुसरा उशीर. तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. कुशल कामाच्या वरच्या दोन गटांना, म्हणजे ० आणि १ ला, कॅनडाच्या मोजपट्टीवर भाषेची सातवी पातळी लागते, २ आणि ३ ला पाचवी. कॅनडात प्रवेश घेताना दिलेली परीक्षा बहुतेक वेळा इथे कामाला येत नाही, कारण ती शिक्षणासाठीची असते, आणि पीआरला जनरल प्रकारची लागते. शिवाय वयाचे गुण तिशीनंतर दरवर्षी कमी होत जातात. जो मुलगा नोकरी करून, लग्न करून, सत्ताविसाव्या वर्षी कॅनडात शिकायला गेला, त्याच्यासाठी वाट पाहणं महागात पडतं.

पीआरच्या प्रोफाइलला पुरेसे गुण नाहीत, तर पुढचा पर्याय म्हणजे प्रांताची शिफारस, किंवा मालकाने एलएमआयए काढून क्लोज्ड परमिट मिळवणं. एलएमआयए म्हणजे या जागेसाठी कॅनडातला माणूस मिळाला नाही, परदेशी माणूस घेतल्याने इथल्या बाजाराचं नुकसान नाही, असं तिथल्या सरकारने मालकाला दिलेलं मत. अर्ज मालक करतो. फी एका जागेला १,००० डॉलर आणि तीही मालकानेच भरायची. कामगाराकडून ती वसूल करायला कायद्याने मनाई आहे. २६ सप्टेंबर २०२४ पासून ज्या मोठ्या शहरी भागांत बेरोजगारी ६ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथल्या कमी पगाराच्या जागांचे असे अर्ज, काही अपवाद सोडले तर, घेतच नाहीत.

आता हे वाचून मनात हिशेब करा. १,००० डॉलरची फी, जी मालकाने भरायची, तिच्यासाठी आपल्याकडच्या लोकांकडून पंधरा-वीस लाख मागितले जातात. माझ्यासमोर एक काका बसले होते. बेसा रोडवरचा प्लॉट विकायला काढला होता, आणि व्यवहार होईपर्यंत तारण कर्ज हवं होतं. पोराला "एलएमआयए घेऊन देणार" असं एकाने सांगितलं होतं. मी त्यांना विचारलं, काकाजी, मालकाने पगार द्यायचा की आपण मालकाला द्यायचा? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. अशा कागदावरची नोकरी बहुतेक वेळा कागदावरच असते. ती उघडकीला आली तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी लागते, आणि शिक्षा पैसे घेणाऱ्याला होईल न होईल, मुलाला होते. शिवाय एलएमआयएच्या मागे लागण्याचं एक मोठं कारण आता उरलेलंच नाही. पूर्वी अशा नोकरीच्या प्रस्तावाला एक्स्प्रेस एंट्रीत ५० किंवा २०० गुण मिळायचे. २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकले आहेत. गुणांच्या नावाने कुणी एलएमआयए विकत असेल तर तो तुम्हाला रिकामा लिफाफा विकतो आहे.

सल्लागार घ्यायचाच असेल तर कॅनडात पैसे घेऊन सल्ला द्यायला परवाना लागतो. वकील, किंवा तिथल्या सल्लागारांच्या कॉलेजची (ही शिकवणारी नव्हे, परवाने देणारी संस्था) नोंदणी असलेला माणूस. ती यादी कुणालाही नाव टाकून बघता येते. इथल्या एजंटला नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांकाऐवजी भिंतीवरचे फोटो दाखवले, तर उत्तर मिळालं म्हणून समजा.

नवराबायकोच्या आधारावरही ओपन परमिट मिळतं, पण २१ जानेवारी २०२५ पासून ते आवळलं आहे. ज्याच्या आधारावर मागायचं त्याचं काम टीअर ० किंवा १ मधलं, किंवा २ आणि ३ मधल्या ठरावीक कामांपैकी असावं लागतं, आणि त्याच्या परमिटची किमान १६ महिने मुदत शिल्लक असावी लागते.

आता सगळ्यात हळवा विषय, घरी येण्याचा.

माझ्या भावाने नोव्हेंबरमध्ये पीआरचा अर्ज भरला, जानेवारीत ब्रिजिंग परमिटचा. फेब्रुवारीत जुनं परमिट संपलं आणि तो मेंटेन्ड स्टेटसवर कामाला जात राहिला. मे महिन्यात आमच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, मानेवाड्याच्या एका हॉलमध्ये. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. त्याने तिकिटं बघून ठेवली होती. रात्री फोन आला, "ताई, पंधरा दिवसांची तं गोष्ट आहे. जाऊन येतो. इथे एक जण म्हणून राहिला काही होत नाही." घरात सगळ्यांचं म्हणणं तेच होतं. काकूंनी तर त्याचा कुर्ताही शिवायला टाकला होता.

मी नियम उघडला. अर्ज केल्यानंतर काम करत राहण्याचा जो हक्क आहे, त्याला अट आहे: माणूस कॅनडातच राहिला पाहिजे. तो देशाबाहेर पडला की जुन्या परमिटच्या जोरावर काम करण्याचा हक्क तुटतो. परत आल्यावर, नवं परमिट मंजूर होईपर्यंत, कामावर जाता येत नाही. आणि परत येणं हा तरी कुठे सरळ प्रश्न आहे? भारतीय माणसाला विमानात बसायला वैध व्हिसा लागतो. भावाच्या पासपोर्टमधला व्हिसा संपलेला होता. म्हणजे नागपुरात बसून नवा व्हिसा मागायचा, तो मिळेपर्यंत तिकडची नोकरी राहील की नाही कुणास ठाऊक, आणि मिळून गेला तरी लगेच कामावर नाही. पंधरा दिवसांची गोष्ट किती महिन्यांची झाली असती, कोण सांगणार.

तो आला नाही. हळदीच्या दिवशी त्याच्याकडे पहाटेचे पाच वाजले होते. फोनवर बघत होता, मग आवरून कामावर गेला. काकू माझ्यावर महिनाभर नाराज होत्या, आणि त्यांचं वाईट वाटणं खरंच होतं. नवं परमिट हातात असेल आणि व्हिसा चालू असेल, तेव्हाच तिकीट काढा, एवढंच मी प्रत्येकाला सांगते. लग्नाची तारीख काढताना परमिटची तारीख विचारणाऱ्या घरांना माझा मनापासून नमस्कार आहे.

पूर्वी एक सोपी युक्ती होती. अमेरिकेच्या सीमेवर जायचं, वळसा घालून परत यायचं आणि तिथेच अधिकाऱ्याकडून नवं परमिट घ्यायचं. २१ जून २०२४ पासून पीजीडब्ल्यूपीसाठी आणि २३ डिसेंबर २०२४ पासून बहुतेक सगळ्यांसाठी ते बंद झालं. जुन्या मित्रांचा सल्ला ऐकताना त्यांनी ते कोणत्या वर्षी केलं हे विचारा.

तारीख चुकलीच तर? दार पूर्ण बंद होत नाही. स्टेटस गेल्यापासून ९० दिवसांच्या आत ते परत मिळवण्याचा अर्ज करता येतो, त्याला रेस्टोरेशन म्हणतात. पण त्या काळात काम करता येत नाही, एक दिवसही नाही. रोख पैशावर शेजारच्या दुकानात चार तास, हेसुद्धा नाही. हप्ते तटत असतील तर बँकेत येऊन बोला. हप्त्याची मुदत वाढवणं, काही महिने फक्त व्याज भरणं, अशा गोष्टींवर बोलता येतं, आणि लवकर आलात तर जास्त बोलता येतं. थकलेला हप्ता भरून काढता येतो. बेकायदा कामाची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात समोर येते.

कामाच्या ठिकाणी एक अडचण हमखास येते. परमिटची तारीख उलटली की एचआर घाबरतं. परदेशी कामगाराचा सोशल इन्शुरन्स नंबर ९ ने सुरू होतो आणि त्याला परमिटइतकीच मुदत असते, त्यामुळे पगाराच्या यंत्रणेत लाल खूण येते. अर्ज केल्याची पोच, फी भरल्याची पावती, आणि ऑनलाइन अर्जानंतर खात्यात येणारं काम करता येतं असं सांगणारं पत्र, हे तिन्ही आधीच एचआरला देऊन ठेवायचं. त्या पत्रावर स्वतःची वेगळी तारीख असते आणि ती उलटली की पुन्हा घबराट. हक्क त्या पत्रातून येत नाही, कायद्यातून येतो, आणि निर्णय लागेपर्यंत चालतो. भावाने तारीख उलटायच्या तीन आठवडे आधीच एचआरला मेल केला होता आणि त्यांच्या वकिलाला विचारायला वेळ दिला होता. ते शेवटच्या दिवशी केलं असतं तर कदाचित त्याला घरी बसवलं असतं. हेल्थ कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्सची मुदतही त्याच सुमारास संपलेली निघते. ते काम प्रांताचं, त्यामुळे वेगळ्या खिडकीवर.

अमेरिकेतल्या भाच्याचे नियम कॅनडातल्या पुतण्याला लावू नका. तिकडे एच-१बीवर, म्हणजे मालकामार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) संपेपर्यंत, जे आधी येईल ते. त्या दिवसांत दुसरा मालक अर्ज करतो का हे बघायचं. तिथे एक गोष्ट कॅनडापेक्षा सोपी आहे. एच-१बीवाल्याचा नव्या मालकाने अर्ज दाखल केला, की मंजुरीची वाट न बघता तिकडे कामाला सुरुवात करता येते. त्याच मालकाने मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असेल तर मुदत संपल्यानंतर २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. पण एच-१बीवाल्याच्या एच-४ व्हिसावर असलेल्या जोडीदाराच्या कामाच्या कार्डाचं उलटं झालं आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. अर्ज वेळेत केला तरी कार्ड संपलं की काम थांबतं. मेंटेन्ड स्टेटसच्या भरवशावर बसण्याची सवय झालेल्या कुटुंबांनी हे नीट लक्षात घ्यावं. ब्रिटनमध्ये १९७१च्या कायद्याच्या ३सी कलमाने कॅनडासारखंच संरक्षण मिळतं, आणि तिथेही देश सोडला की ते जातं.

नागपुरात बसून आपण काय करू शकतो, असं मला विचारतात. बरंच. मुलाने इथली पदवी पीआरच्या गुणांसाठी दाखवायची असेल तर विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या परीक्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढावं लागतं, आणि आपल्या विद्यापीठात ते एका खेपेत होत नाही. परीक्षा विभागात फेऱ्या, जुन्या मार्कशीटच्या प्रती, एखादं सेमिस्टर पुनर्परीक्षेत सुटलं असेल तर त्याचा वेगळा शोध. ही धावपळ घरचं माणूसच करू शकतं. मिहानमधल्या किंवा आयटी पार्कमधल्या जुन्या कंपनीतला अनुभव धरायचा असेल तर तिथून पत्र हवं, नुसतं रिलीव्हिंग लेटर नाही. कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहिलेलं. कंपनी बंद पडली किंवा जुने साहेब सोडून गेले की ते पत्र मिळवणं फार अवघड होतं, म्हणून मुलगा परदेशात जाण्याआधीच घेऊन ठेवा. पोलीस क्लिअरन्सचा कागद तो तिकडे भारतीय वकिलातीमार्फत मागवू शकतो. त्यासाठी पासपोर्टवरचा पत्ता आणि तुम्ही आता राहता तो पत्ता एकच आहे का, हे बघून ठेवा. महालातलं घर सोडून तुम्ही बेलतरोडीला राहायला गेला असाल आणि पासपोर्टवर अजून महालच असेल, तर चौकशी करायला माणूस जुन्या घरी जाईल. तिथे आता राहणाऱ्यांना तुमचा फोन नंबर देऊन ठेवा.